बांधाचा पाय

(खारेपाटातील एका गावी प्रौढ वर्गाच्या मंडळींपुढे झालेले भाषण)



तुम्ही दिवसभर शेतात राबता आणि रात्री येथे येऊन वाचायला शिकता. ही लहान गोष्ट नाही. मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. पण दिवसभर चिखलात उभे राहून रात्री पाटी हातात घेणारे विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाले नाहीत. म्हणून तुमच्यापुढे बोलायला मला आनंद वाटतो.

मी इंजिनिअर नाही, बरं का. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण माझे सारे आयुष्य खारीतल्या तांदळावर गेले. आपल्या बांधाबद्दल मला एक धडा मिळाला आहे. तो पुस्तकातून मिळाला नाही. माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तेव्हा मिळाला. तोच आज तुम्हाला सांगतो.

धडा एका वाक्याचा आहे. बांध किती उंच करायचा, हे नुसते पाण्याकडे बघून ठरवू नये. आधी पायाखालच्या चिखलाला विचारावे.

आता चिखलाला विचारायचे कसे, ते ऐका.

बांध कसा जातो?

आपली जमीन म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढलेला घास आहे. उधाणाला खाडीचे पाणी आपल्या शेतापेक्षा उंच चढते. पाण्याच्या आणि शेताच्या मध्ये उभा असतो तो फक्त मातीचा बांध. त्याला उघाडी ठेवलेली असते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर जाते. भरतीला खारे पाणी तिच्याशी अडते. रायगड, ठाणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाडीकाठी अशी शेती आहे. गोव्यात अशा जमिनीला खाजण म्हणतात. आपल्या वाडवडिलांनी हाताने चिखल उचलून हे बांध घातले.

हे बांध तीन तऱ्हांनी जातात.

पहिली तऱ्हा. उधाणाचे पाणी बांधाच्या माथ्यावरून आत येते. येता येता माती खरवडून नेते आणि खांड पडते.

दुसरी तऱ्हा. खेकडे आणि उंदीर बांधाला बिळे पाडतात. बिळातून पाणी झिरपते. आधी करंगळीएवढी धार असते. बघता बघता ती मांडीएवढी होते.

तिसरी तऱ्हा. बांधाखालचा चिखलच घसरतो आणि बांध जागच्या जागी बसतो.

पहिल्या दोन तऱ्हा तुम्हा सर्वांना ठाऊक आहेत. त्या डोळ्यांना दिसतात. तिसरी जमिनीच्या पोटात घडते. म्हणून तिच्यावर कोणी लक्ष देत नाही. मीही दिले नव्हते.

माझी चूक

१९९४ सालची गोष्ट. मी खाडीकाठच्या एका गावी शाळेवर होतो. गावाचे नाव सांगत नाही. नाव घेऊन काय करायचे? चूक गावाची नव्हती, माझी होती.

गावचा बांध जुना होता. उंची सहा फूट. त्याच्याआड गावाची सगळी भातशेती. आदल्या वर्षी उधाणाचे पाणी दोन ठिकाणी बांधावरून आत आले होते. म्हणून गावकी बसली. मी म्हणालो, "श्रमदान करू. बांध तीन फूट वाढवू. नऊ फुटांचा बांध झाला म्हणजे उधाण काय करील?" मास्तर म्हणतात म्हणजे खरेच असेल, असे लोकांना वाटले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मे महिना संपत आला होता. पाऊस तोंडावर होता. घरटी एक माणूस निघाला. आयाबहिणी घमेली घेऊन आल्या. मोठी मुलेही आली. आता प्रश्न मातीचा. माती आणायची कोठून? शेतातली माती द्यायला कोणी तयार होईना. त्यांचेही चुकले नाही. शेत खणले की पीक गेले.

मग तोड मीच काढली. म्हणालो, "बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला जागा मोकळी आहे. तिथली माती काढा आणि वर टाका. लांबून वाहायलाही नको."

झाले. बांधाच्या अगदी पायाशी आम्ही लांबच लांब चर खणला. तीन फूट खोल. चरातली माती काढायची, बांधावर टाकायची. दहा दिवसांत बांध नऊ फूट झाला. मी माथ्यावर उभा राहून पाहत होतो. माझी छाती फुगली होती.

एक म्हातारे आबा रोज काठी टेकत यायचे. बांधावर बसायचे. एक दिवस ते मला म्हणाले, "मास्तर, चिखलाला दम खाऊ द्या. येवढी घाई बरी नाय."

मी हसलो. म्हणालो, "आबा, जमीन बघा कशी दगडासारखी वाळली आहे. वरून बैलगाडी जाते."

आबा म्हणाले, "ती वरची कवची हाय, मास्तर. खाली दही हाय."

मी ऐकले नाही.

जूनमधल्या अमावास्येचे उधाण आले. दुपारची भरती झाली. पाणी नव्या मातीला लागले, पण बांध टिकला. मध्यरात्रीची भरती झाली. तीही बांधाने झेलली. गावात आनंदीआनंद झाला. कोणी तरी मला नारळही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास आरडाओरड ऐकू आली. मी धावत गेलो. पाहतो तर दोनशे फूट बांध बसलेला. माथा पुरुषभर खाली गेला होता. आणि खाडीच्या अंगाला, जिथे आम्ही चर खणला होता, तिथला चिखल फुगून वर आला होता. चर नाहीसा झाला होता. जमिनीखालून कोणी तरी पाठ लावून वर ढकलावे, तसे दिसत होते.

आता नीट ऐका. तेव्हा पाणी कोठे होते? पाणी नव्हतेच! ओहोटी पुरी लागली होती. खाडीचा तळ दिसत होता. बांध भरतीत गेला नाही. तो ओहोटीत गेला.

आमच्या हातात सहा तास होते. एवढ्या वेळात दोनशे फुटांची खांड कशी भरणार? दुपारी भरती आली. उघड्या दारातून यावी तशी आत आली. राबात टाकलेले बी गेले. तळ्यातले गोड्या पाण्यातले मासे मेले. त्या जमिनीत तीन वर्षे भात धड पिकले नाही. ज्यांनी माझ्या शब्दावर घमेली वाहिली, त्यांच्याच घरी चूल मंदावली. तीन घरची माणसे मजुरीसाठी गाव सोडून गेली. मला कोणी वावगा शब्द बोलले नाही. तेच मला जास्त लागले.

पुढे एक तरुण सरकारी इंजिनिअर बांध पाहायला आला. मी त्याला विचारले, "पाणी नसताना बांध गेला कसा?" तो माझ्याजवळ बसला आणि त्याने मला सगळे समजावून सांगितले. त्या दिवशी मी त्याचा विद्यार्थी झालो. त्याने सांगितले, आणि मी नंतर वाचून घेतले, ते आता तुम्हाला सांगतो.

जमिनीखालची तागडी

बांध घसरतो तो सरळ रेघेत घसरत नाही. तो गोल फिरतो. लाकडी वाटीत लाडू ठेवा आणि वाटी थोडी हलवा. लाडू वाटीच्या पोटातून फिरत खाली येतो. तसाच बांध आणि त्याखालचा चिखल मिळून जमिनीच्या पोटात फिरतो. एका बाजूला माथा खाली जातो. दुसऱ्या बाजूला पायाजवळची जमीन वर येते. आमच्या गावी नेमके हेच झाले होते.

ही गोष्ट आधी स्वीडन देशात ध्यानात आली. त्या देशात गोथेनबर्ग नावाचे बंदर आहे. तिथली जमीनही मऊ चिकणमातीची. १९१६ साली तिथला नवा बांधलेला धक्का चिकणमातीसकट घसरून पाण्यात गेला. तिथल्या इंजिनिअरांनी कसून तपास केला. तेव्हा त्यांना दिसले की माती गोलाकार घसरली आहे. मग त्यांनी या गोलाचा हिशेब मांडला. आजही जगभरचे इंजिनिअर मऊ जमिनीवरच्या बांधाचा हिशेब याच वाटेने करतात.

हिशेब तागडीसारखा आहे. एका पारड्यात बांधाचे वजन ठेवा. हे वजन माती फिरवू पाहते. दुसऱ्या पारड्यात दोन गोष्टी ठेवा. एक, पायाजवळच्या जमिनीचे वजन. दुसरी, चिखलाची पकड. चिखलाचे कण एकमेकांना धरून असतात, तिला आपण पकड म्हणू. या दोन गोष्टी माती फिरू देत नाहीत.

धरणारे पारडे जड असले तर बांध उभा राहतो. दोन्ही सारखी झाली तर बांध केसावर टांगलेला समजा. शहाणा इंजिनिअर बरोबरीवर समाधान मानत नाही. धरणारे पारडे फिरवणाऱ्या पारड्याच्या सव्वापट ते दीडपट तरी हवे, असे तो म्हणतो. कारण चिखल सगळीकडे सारखा नसतो, आणि आपला अंदाजही चुकतो.

आता मी काय केले ते बघा. बांध उंच केला, म्हणजे फिरवणाऱ्या पारड्यात वजन टाकले. ते वजन आणले कोठून? पायाशी खणून. म्हणजे धरणाऱ्या पारड्यातूनच काढले. एका पारड्यातले उचलून दुसऱ्यात टाकले. शिवाय वरची वाळलेली कवची तेवढीच काय ती मजबूत होती. तीही आम्ही खणून टाकली.

ओहोटीतच का?

भरतीच्या वेळी खाडीचे पाणी बांधाच्या बाहेरच्या उताराला टेकलेले असते. पाण्याला वजन असते. ते बांधाला बाहेरून टेकू देते. भिंतीला बाहेरून पाच-दहा माणसे पाठ लावून उभी असावीत, तसे.

ओहोटी लागली की ती माणसे निघून जातात. पण बांधाच्या पोटात मुरलेले पाणी एवढ्या लवकर बाहेर येत नाही. चिकण माती पाणी धरून ठेवते. म्हणजे बांध भिजून जड झालेला असतो आणि बाहेरचा टेकू गेलेला असतो. उधाणाच्या दिवशी पाणी चढते खूप, आणि उतरतेही खूप. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटी यांत साडेतीन ते चार मीटरांचा फरक पडतो. काही दिवशी त्याहून जास्त. म्हणून उधाणानंतरची ओहोटी घातकी. भरतीला आपण सगळे जागतो. ओहोटी लागली की घरी जाऊन निजतो. चोर तेव्हाच येतो.

चक्क्याची गोष्ट

आता आयाबहिणींना विचारतो. श्रीखंडासाठी चक्का कसा करतात? दही फडक्यात बांधतात. टांगतात, किंवा वर हलके वजन ठेवतात. पाणी थेंब थेंब गळते. रात्रभरात दही घट्ट होते. त्याच फडक्यावर एकदम मोठा दगड ठेवला तर? पाणी गळायला वेळच मिळणार नाही. दही कडेने बाहेर येईल.

आपल्या बांधाखालचा चिखल असाच आहे. त्यात पाणी फार. त्याच्यावर थोडे वजन ठेवा आणि थांबा. पाणी हळूहळू पिळून निघते. चिखल बसतो, दाबला जातो, आणि त्याची पकड वाढते. मग तो थोडे आणखी वजन घेऊ शकतो. मात्र एकदम वजन टाकले तर पकड आहे तेवढीच राहते आणि चिखल कडेने निसटतो. आबा म्हणाले होते, चिखलाला दम खाऊ द्या. इंजिनिअरांच्या पुस्तकातही दुसरे काही नाही.

दम किती दिवस खाऊ द्यायचा? ते चिखलाच्या थरावर आहे. थर जाड असेल तर पाण्याला बाहेर यायला लांब वाट पडते. थर दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. आपल्या खाडीकाठी काही ठिकाणी हा चिखल दहा मीटरांहून जाड आहे. तिथे दिवसांचा हिशेब चालत नाही. तिथे पावसाळ्यांचा हिशेब करावा लागतो.

घाईने शहाण्या देशांतही घात केला आहे. इंग्लंडात लंडन शहराजवळ चिंगफर्ड येथे पाणी साठवण्यासाठी मोठा मातीचा बांध घालीत होते. त्या भागात तशा बांधांची कामे पूर्वीही झाली होती. पूर्वी हाताने आणि घोडागाडीने माती टाकीत. काम सावकाश चाले. या वेळी माती टाकायला नवी यंत्रे आणली. बांध भराभर वर चढला. खाली मऊ पिवळसर चिकणमातीचा थर होता. १९३७ सालच्या जुलै महिन्यात, काम चालू असतानाच, बांधाचा एक भाग घसरला. तलावात अजून पाणी भरायचे होते!

मग कार्ल टेर्झागी यांना सल्ल्यासाठी बोलावले. मातीच्या शास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. बांधाचा आराखडा नव्याने करावा लागला. तो तलाव पुढे १९५१ साली पुरा झाला. मंडळी, यंत्र माती लवकर टाकू शकते. पण चिखलातले पाणी लवकर काढणे त्याच्या हातात नव्हते. आपल्याकडेही आता जेसीबी आला आहे. दहा दिवसांचे काम तो एका दिवसात करतो. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आज यालाही उपाय निघाला आहे. खाडीकाठी बंदरे आणि मोठे रस्ते बांधताना चिखलात जवळजवळ उभ्या पट्ट्या खुपसतात. पाण्याला बाहेर यायला जवळची वाट मिळते, आणि वर्षांचे काम महिन्यांत होते. पण ते खर्चाचे काम आहे. गावच्या बांधाला सावकाशी हाच स्वस्त उपाय.

मूठ आणि अंगठा

आता चिखलाला प्रश्न विचारू. इंजिनिअर लोक लोखंडी दांड्याला चार पाती लावून तो चिखलात खोल खुपसतात आणि फिरवतात. किती जोर लावला म्हणजे चिखल चिरतो, यावरून पकड मोजतात. आपल्यापाशी तो दांडा नाही. पण हात आहेत.

वरची वाळलेली कवची सोडा. बांधापासून दूर, खालचा ओला ताजा चिखल उघडा करा. त्यात मूठ दाबा. मूठ सहज आत गेली, तर तो चिखल अगदी मऊ. मूठ जात नाही पण अंगठा सहज रुततो, तर मऊ. अंगठा थोडा जोर केल्यावर जातो, तर मध्यम. अंगठ्याचा नुसता ठसा उमटतो, तर घट्ट. ही परीक्षा जगभरचे इंजिनिअर शेतात उभे राहून करतात.

आता थोडे गणित करू. मास्तर आला आणि गणित घातले नाही, असे कसे होईल?

मूठ सहज जाते अशा चिखलाची पकड दर चौरस मीटरला साधारण १ टन धरा. चिखल आपल्या पकडीच्या सुमारे ५ पट वजन पेलतो. म्हणजे ५ टन. बांधाची ओली माती एका घनमीटरला सुमारे १.८ टन भरते. आता ५ ला १.८ ने भागा. उत्तर आले २.८ मीटर. म्हणजे सुमारे ९ फूट. एवढा बांध भराभर चढवला की चिखल हार मानतो.

पण आपल्याला बरोबरीवर थांबायचे नाही. दीडपट राखून ठेवायचे आहे. म्हणून २.८ ला १.५ ने भागा. उत्तर १.९ मीटरांच्या आत येते. म्हणजे सुमारे ६ फूट.

पाहिलेत? वाडवडिलांनी आमचा बांध सहा फुटांचा ठेवला होता. त्यांनी भागाकार केला नसेल. पण चिखल त्यांच्या ओळखीचा होता. मी शिकलेला. मी तो नऊ फूट केला. त्यात पायाशी तीन फूट चर खणला. चराच्या तळापासून मोजा. बांध बारा फुटांचा झाला! जुन्या बांधाच्या ओझ्याने खालचा चिखल थोडा घट्ट झाला असणार, म्हणूनच तो एक उधाण तरी उभा राहिला.

हे गणित ढोबळ आहे. धोका ओळखायला ते पुरे आहे. पण बांध बांधायला पुरे नाही. तेवढ्यासाठी इंजिनिअरलाच बोलवा. आणि परीक्षा एकाच जागी करू नका. जिथे पूर्वी नाळ होती आणि ती बुजली, तिथला चिखल सर्वांत मऊ असतो. जुन्या माणसांना विचारा. त्यांना त्या जागा ठाऊक असतात.

बांध आधी सांगतो

बांध न सांगता जातो, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. पुष्कळदा तो आधी सांगतो. आपल्याला वाचता आले पाहिजे. तुम्ही आता अक्षरे वाचता. तसाच बांधही वाचायला शिका.

बांधाच्या पायाशी, थोड्या अंतरावर, खुंट्या एका ओळीत ठोका. सुतळी लावून ओळ सरळ करा. काम चालू असेल तेव्हा रोज सकाळी एका टोकाला बसून ओळीकडे बघा. मधली खुंटी बाहेर सरकली किंवा कलली, तर चिखल हलू लागला आहे. पायाजवळची जमीन फुगली, तर चिखल हलू लागला आहे. माथ्यावर बांधाच्या लांबीने जाणारी भेग दिसली, तर चिखल हलू लागला आहे.

बांध सगळीकडून सारखा थोडा थोडा खाली बसतो, त्याला घाबरू नका. तो चक्का होत आहे. दर वर्षी थोडी माती घालून ते भरून काढता येते. पण एका अंगाने बसतो आणि दुसऱ्या अंगाने जमीन फुगते, तेव्हा मात्र काम तिथल्या तिथे थांबवा.

आणि इथेच माणसे सर्वांत मोठी चूक करतात. भेग दिसली, माथा खचला, की धावत जाऊन वर आणखी माती टाकतात. तसे करू नका! ते बुडत्या माणसाच्या डोक्यावर धोंडा ठेवण्यासारखे आहे. माती टाकायचीच तर पायाशी टाका, फुगणाऱ्या जागेवर. वरचे ओझे कमी करा. माणसे बांधावरून आणि पायथ्यापासून दूर ठेवा. आणि ताबडतोब खारभूमी खात्याला कळवा. आपल्या राज्यात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ साली झाला आहे. त्या कामासाठी सरकारी खाते आहे. त्याच्याकडे लेखी अर्ज करा. आता तुम्हाला लिहिता येते.

पुढे काय झाले?

आमच्या गावचा बांध पुन्हा बांधला. पण या वेळी इंजिनिअरने सांगितले तसा. खचलेली जागा सोडून थोडे मागे सरलो. त्यात काही शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन गेली. गावाने ती नुकसानी वाटून घेतली. माती दुरून आणली. उतार पसरट ठेवला. पायाशी मातीची रुंद, ठेंगणी पायरी बांधली. तिचे वजन धरणाऱ्या पारड्यात पडते. एक थर टाकला, आणि थांबलो. पावसाळा जाऊ दिला. मग दुसरा थर. असे तीन उन्हाळे काम केले. तो बांध आजही उभा आहे. ते आबा तिसऱ्या थरापर्यंत राहिले नाहीत. दुसऱ्या थराच्या वेळी मात्र आले होते. काठीने माती टोचून बघितली आणि म्हणाले, "आता दमानं चाललंय." मला वाटले, मला शाळाखात्याने कधी दिली नाही ती शाबासकी मिळाली.

मंडळी, समुद्राची पातळी हळूहळू चढते आहे. शास्त्रज्ञांनी ती मोजली आहे. म्हणजे पुढे बांध वाढवण्याची पाळी आपल्यावर पुन्हा पुन्हा येणार. तेव्हा कोणी तरी माझ्यासारखा उठेल आणि म्हणेल, "चला, चार दिवसांत उंच करू." त्या वेळी तुम्ही गप्प बसू नका. त्याला चार प्रश्न विचारा.

खालच्या चिखलात मूठ जाते की अंगठा?

माती कोठून आणणार? पायाशी तर खणणार नाही ना?

एका थरानंतर किती दिवस थांबणार?

ओहोटीच्या वेळी बांधावर पहाऱ्याला कोण जाणार?

त्याला उत्तरे देता आली नाहीत, तर घमेले खाली ठेवा. मग तो मास्तर असो, सरपंच असो की ठेकेदार असो. माझ्या गावात हे प्रश्न एकट्या आबांना सुचले होते. पण ते लिहायला वाचायला शिकलेले नव्हते, आणि मी शिकलेला होतो. म्हणून लोकांनी माझे ऐकले. तुम्ही आता शिकता आहात. शिकल्यावर तुमच्या शब्दाला वजन येईल. ते वजन कोठे टाकायचे, याचा आधी विचार करा. आणि न शिकलेल्या जाणत्या माणसाचे ऐकायला विसरू नका.